संध्याकाळी ताठ, पहाटे मान खाली : काडीची फुलं का सुकतात याचा तपास

संध्याकाळी तोडताना अ‍ॅस्टर इतका ताठ असतो की जुडी बांधताना काड्या एकमेकींवर खडखडतात. पहाटे पिकअपमध्ये चढवतानाही ठीक दिसतो. दिवे घाट उतरून, हडपसर ओलांडून पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळ्यावर जुडी सोडावी, तर वरची चार-पाच फुलं मान टाकून बसलेली. आडत्या काही बोलत नाही. जुडी हातात घेतो, उलटी करतो, काड्यांची टोकं बघतो आणि बाजूला ठेवतो. पैसे किती कमी झाले ते दुपारी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर कळतं.

पाच-दहा गुंठ्यांत काडीची, म्हणजे लांब दांड्यासकट विकायची, फुलं करणाऱ्या बायाबापड्यांकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढचा प्रश्नही मला पाठ झाला आहे : "ताई, खत कोणतं टाकू?" माझं उत्तर दर वेळी एकच असतं. खत राहू द्या, आधी बादली दाखवा. फूल झाडावर असताना चांगलं दिसत असेल आणि तोडल्यावर मान टाकत असेल, तर बहुतेक वेळा दोष वाफ्यात नसतो. तो बादलीत असतो, आणि काडी कापल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात असतो. हे माझ्या शब्दावर घेऊ नका. अर्ध्या दिवसात स्वतः तपासता येतं, ते कसं ते खाली सांगते.

मी सासवडजवळ १२ गुंठ्यांत फुलं करते. पाचेक गुंठे अ‍ॅस्टर, त्यात गणेशखिंडच्या संशोधन केंद्राचे फुले गणेश व्हाइट आणि फुले गणेश पिंक हे वाण. तीन गुंठे डबल गुलछडी. उरलेल्यात ग्लॅडिओलस आणि गोल्डन रॉड, थंडीत थोडी जिप्सोफिला. बराचसा माल यार्डात जातो. शुक्रवारी थोडा कोथरूड आणि सहकारनगरमधल्या ठरलेल्या घरांना थेट पोचवते. मिळकत लहान आहे, पण महिन्याचा किराणा आणि मुलीच्या कॉलेजची फी तिच्यावर निघते. त्यामुळे बाजूला पडलेली एकेक जुडी मला जाणवते.

पहिले दोन हंगाम मीही खतावर आणि फवाऱ्यांवर पैसे घातले. एका लग्नाच्या सजावटीला दिलेली गुलछडी दुपारच्या आत वाकली. डेकोरेटरने फोनवर फोटो पाठवले. उरलेले पैसे मी मागितले नाहीत आणि त्यांनी पुन्हा फुलं मागवली नाहीत. त्या रात्री मी विळा, बादल्या, पाणी, सगळं अंगणात मांडून बसले आणि तेव्हापासून खताचा विचार बाजूला ठेवला.

आधी ही चाचणी

मान टाकलेल्या पाच काड्या घ्या. त्या फेकून देऊ नका, तपासाला हाच माल लागतो. घमेल्यात पाणी घेऊन काडीचं टोक पाण्याखाली धरा आणि पाण्यातच बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा धारदार कात्रीने तिरका कापा. कापलेले तुकडे जपून ठेवा, ते पुढे बघायचे आहेत. काड्या रद्दीच्या कागदात सरळ गुंडाळा, म्हणजे वाकलेली मान आधाराने उभी राहील, आणि कोमट पाण्यात ठेवा. बाळाच्या अंघोळीला चालेल इतपत कोमट. सावलीत तीन-चार तास हात लावू नका.

कागद सोडल्यावर फूल ताठ उभं राहिलं, तर काडी चांगली आहे, झाड चांगलं आहे, तुमचं खतही चांगलं आहे. फक्त टोकाशी पाणी अडलं होतं. फूल उभं राहिलंच नाही, तर मात्र काडी कोवळी तोडली गेली आहे, नाहीतर झाडातच काही बिघडलं आहे.

आता ते तुकडे घ्या. माझ्याकडे त्या दिवशीचा अ‍ॅस्टरचा तुकडा असा होता : बाहेरून हिरवा, टोकाला तपकिरी कड, आणि अंगठ्याने दाबल्यावर बोटाला भाताच्या पेजेसारखा चिकटा लागला. वास साचलेल्या गटारासारखा. असा चिकटा असेल तर पाणी नासलं आहे, जंतूंनी काडीचं तोंड बंद केलं आहे. तुकडा स्वच्छ, हिरवा, बिनवासाचा असेल आणि तरी काडी कोमट पाण्यात उभी राहिली असेल, तर आत हवा शिरली होती.

हवेचं गणित सोपं आहे. काडी म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा. पानं वरून सतत पाणी ओढत असतात. काडी कापली तरी ही ओढ थांबत नाही. पाणी मिळेना की हवा आत जाते. मग तीच काडी तुम्ही तासाने बादलीत ठेवली तरी हवेचा बुडबुडा नळीत अडकून बसलेला असतो आणि त्याच्या वर पाणी चढत नाही. टोक पुन्हा कापलं की तो बुडबुडा तुकड्याबरोबर निघून जातो. कोमट पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते काडीत लवकर चढतं, म्हणून पाणी कोमट घ्यायचं.

चार बादल्या

नुसतं समजून माझं समाधान झालं नाही. एकाच वाफ्यातल्या, एकाच वेळी तोडलेल्या अ‍ॅस्टरच्या चाळीस काड्या घेतल्या आणि दहा-दहा अशा चार बादल्यांत ठेवल्या. बादल्यांच्या कडीला वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले.

लाल दोऱ्याची बादली रोजची, नुसती विसळलेली, बोअरचं पाणी, काडीची पानं तशीच. पिवळ्या दोऱ्याची घासून काढलेली, पाणी तेच. हिरव्या दोऱ्याची घासलेली, पाण्यात लिंबूसत्व घातलेलं, खालची पानं काढलेली. पांढऱ्या दोऱ्याची हुबेहूब हिरव्यासारखीच, फक्त काड्या पाण्यात ठेवण्याआधी अर्धा तास बांधावर पडू दिल्या. कारण आम्ही रोज तेच करत होतो : आधी सगळा वाफा तोडायचा, मोळी करायची, मग घराकडे आणून बादलीत ठेवायची.

लाल दोऱ्याची फुलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झुकली. पिवळी चौथ्या दिवसापर्यंत गेली. हिरवी सहाव्या दिवशीही देवघरात ठेवण्यासारखी होती. पांढऱ्या दोऱ्याची बादली बघून मात्र मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. पाणी स्वच्छ, बादली स्वच्छ, आणि फुलं दुसऱ्या दिवशी सकाळीच मान खाली घालून. टोकं पाण्याखाली कापून कोमट पाण्यात ठेवली तर दहापैकी आठ उभी राहिली. बांधावरच्या त्या अर्ध्या तासाने बाकीची सगळी मेहनत पुसून टाकली होती.

तेव्हापासून आमच्याकडे बादली फुलांकडे जाते, फुलं बादलीकडे येत नाहीत. दोन सऱ्यांमध्ये बसेल अशी उभट बादली, तळाला वीतभरापेक्षा थोडं कमी पाणी. काडी कापली की सरळ पाण्यात. माझ्या जावेला आधी हे कटकटीचं वाटलं, कारण भरलेली बादली पुढे सरकवत जावं लागतं. आता तीच इतरांना दाखवते.

बादली

विसळणं म्हणजे धुणं नव्हे. रिकाम्या बादलीच्या आतून बोट फिरवा. जरा जरी बुळबुळीत लागलं तरी आत जंतूंचा थर आहे, आणि त्यात ओतलेलं ताजं पाणी तासाभरात जुन्यासारखंच होतं. आधी साबणाची पूड आणि ताठ ब्रश घेऊन तळ आणि काठाखालची खाच घासायची. मग ब्लीचचं पाणी. दुकानात मिळणारं पातळ ब्लीच साधारण चार-पाच टक्क्यांचं असतं, ते लिटरभर पाण्यात १०-२० मिली. दहा मिनिटं तसंच ठेवून धुऊन टाकायचं आणि बादली उन्हात पालथी घालायची. आधी घासणं, मग ब्लीच. हा क्रम उलटला तर ब्लीच त्या घाणीवरच खर्ची पडतं. पत्र्याच्या बादल्या मी काढून टाकल्या, कारण आंबट पाण्याने जस्त सुटतं. प्लास्टिकच्या आतून पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या बादल्या घेतल्या तर मळ लगेच दिसतो.

कात्री आणि विळाही रोज धुवायचा. बोथट विळ्याने काडी कापली जात नाही, चेचली जाते, आणि चेचलेल्या काडीतून झिरपणारा रस जंतूंना खाऊ घालतो. आम्ही विळा सोडून सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेतलं आणि पात्याला दर आठवड्याला धार लावतो.

पाण्यात बुडणारं प्रत्येक पान काढायचं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच सोडून देतात. अ‍ॅस्टरची पानं तर फुलाआधी पिवळी पडतात, आणि एक कुजलेलं पान रात्रभरात अख्खी बादली नासवतं.

पाणी

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. भांड्यांवर पांढरे डाग पडतात, चहाच्या पातेल्याला थर बसतो. पुणे जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी हेच पाणी आहे. असं क्षारयुक्त पाणी काडीत हळू चढतं, आंबट पाणी चटकन चढतं आणि त्यात जंतूही कमी वाढतात. म्हणून किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. किती घालायचं हे पाण्यावर ठरतं, शेजारणीचं माप आपल्याला चालत नाही. मासे पाळण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात सामू (pH, म्हणजे पाणी किती आंबट ते) मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. सामू ४ च्या आसपास येईपर्यंत थोडं थोडं घालत जा. आमच्या बोअरला १० लिटरला ४-५ ग्रॅम लागतं. एकदा माप ठरलं की तो चमचा बादल्यांजवळच दोरीने बांधून ठेवा.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण एकदा जावेने नकळत ती केली आणि तिला खोकल्याने बेजार केलं : ब्लीच आणि लिंबूसत्व एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच बादली धुवायला, लिंबूसत्व फुलांच्या पाण्यात. दोन्ही डबे वेगळ्या फळीवर ठेवा.

कोणी जरबेरा करत असेल तर त्याला वेगळी वागणूक लागते. जरबेरा कापायचा नसतो. दांडा बुडाशी धरून बाजूला पिळून उपटायचा, म्हणजे झाडावर कुजणारा खुंट राहत नाही, आणि मग बुडाचा घट्ट भाग दोन-तीन सेंटिमीटर कापून टाकायचा, कारण त्या टाचेतून पाणी चढत नाही. त्याच्या लवदार दांड्याला पाणी जास्त झालं तर तो कुजतो, म्हणून बादलीत चार बोटंच पाणी, आणि त्यात लिंबूसत्वाऐवजी लिटरला १ मिली ब्लीच. ब्लीचचा जोर दिवसभरात उतरतो, पाणी रोज बदलायचं.

पाण्यात साखर घालावी का, हे हमखास विचारलं जातं. नुसती साखर घातली तर फुलांआधी जंतूच ती खातात. लिंबूसत्वाच्या पाण्यात लिटरला २० ग्रॅम साखर गुलछडीला आणि ग्लॅडिओलसला उपयोगी पडते, कारण त्यांना तोडल्यानंतर वरच्या कळ्या उमलवायच्या असतात. अ‍ॅस्टरला मी घालत नाही. तांब्याचा पैसा आणि अ‍ॅस्पिरिनही करून पाहिलं. घासलेल्या बादलीने जो फरक पडला, तसा त्यांनी पडला नाही.

तोडणीची वेळ

पुस्तकात लिहिलेलं असतं की फुलं पहाटे तोडावीत. ते खरं आहे, पहाटे काडीत पाणी भरपूर असतं. पण यार्डातला फुलबाजार पहाटेच भरतो, आणि सासवडकडच्या माणसाने पहाटे तोडून पहाटेच गुलटेकडी गाठावी हे होत नाही. उशिरा पोचलेल्या मालाला भाव नसतो. त्यामुळे आम्हाला आदल्या संध्याकाळी तोडावंच लागतं. यात सगळाच तोटा नाही. दिवसभर उन्हात पानांनी केलेली साखर संध्याकाळी काडीत जास्त असते, ती फुलाला पुढे पुरते. कमी असतं ते पाणी, आणि ते आपल्याला रात्रभरात भरून काढता येतं.

म्हणून दुपारी तीनला तोडायला लागू नका. मजूर मिळतात म्हणून भर उन्हात तोडलेला माल हे मान टाकण्याचं आमच्या भागातलं मोठं कारण आहे. आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी ठिबक सोडा, ऊन उतरलं की वाफ्यात जा. काडी गालाला लावून बघा. गार लागली तर तोडा, कोमट लागली तर अजून थांबा. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आम्ही साडेसहाला सुरुवात करतो आणि शेवटच्या सऱ्या बॅटरीच्या उजेडात काढतो. मग निदान पाच-सहा तास बादल्या गार, अंधाऱ्या जागी पाणी पीत उभ्या राहिल्या पाहिजेत. तोडल्या तोडल्या कागदात गुंडाळलेली गरम फुलं आत घामेजतात आणि एकमेकांच्या उष्णतेने शिजतात.

शीतगृह आपल्या आवाक्यातलं नाही. आम्ही गोठ्याच्या मागे विटांची दुहेरी भिंत घातली, दोन भिंतींमध्ये ७-८ सेंटिमीटर जागा, तिच्यात वाळू. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वर ओलं गोणपाट. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने भाजीसाठी विकसित केलेला हा शून्य ऊर्जा शीतकक्ष. उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा आत हात घातला की माठाजवळ गेल्यासारखं वाटतं. श्रावणात हवाच ओली असते, तेव्हा त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा बादल्या उघड्यावर, वारा खेळेल अशा ठेवा, नाहीतर फुलांवर करडी बुरशी येते.

उभं राहिलंच नाही तर

कोमट पाण्यातही फूल उठलं नाही, तर पहिली शंका कोवळ्या तोडणीची. भाव चांगला असला की हात लवकर चालतो, मग गणपती असोत की दसरा. अ‍ॅस्टर बाहेरच्या पाकळ्या पुऱ्या उलगडल्यावर, मधली पिवळी चकती घट्ट असताना तोडावा. त्याआधी मानेचा भाग हिरवट-मऊ असतो, त्याला आधार धरलेला नसतो. गुलाबाची मान मोडते तीही बहुधा याच कारणाने. गुलछडी काडीची सगळ्यात खालची एक-दोन जोड्या फुलं उमलल्यावर काढा. घट्ट कळीत काढली तर वरच्या कळ्या हिरव्याच राहतात. गोल्डन रॉड अर्धा पिवळा झाला की पुरे. शेवंती काडी मात्र अगदी जमिनीलगत कापू नका. बुडाचा भाग लाकडासारखा होतो आणि पाणी ओढत नाही, हातभर लांबी कमी मिळाली तरी वरून कापा.

ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की काढायचा, झाडावर चार पानं ठेवून, म्हणजे पुढच्या वर्षीचा कंद पोसतो. त्याची शेंडी वाकलेली दिसली तर ते सुकणं नव्हे. ग्लॅडिओलस आडवा ठेवला की त्याचं टोक वरच्या दिशेला वळतं आणि तसंच राहतं. पिकअपमध्येही तो उभाच न्यावा लागतो, याला पर्याय नाही. पाकळ्यांच्या कडा जळल्यासारख्या होत असतील तर पाण्यात फ्लोराइड आहे का ते तपासून घ्या, ग्लॅडिओलसला ते थोडंही सोसत नाही.

दुसरी शंका युरियाची. कळ्या धरल्यावर युरिया दिला की पीक हिरवंगार, उंच दिसतं, आणि काडी पाणीदार, पोचट होते. शेजारच्या काकांचा अ‍ॅस्टर माझ्यापेक्षा हातभर उंच असायचा आणि यार्डात त्यांचीच जुडी आधी बाजूला जायची. कळी दिसली की नत्र थांबवा.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. काडी उभी चिरा. आत सालीलगत तपकिरी दोरे दिसले, आणि वाफ्यात काही झाडं एकाच बाजूने पिवळी पडलेली असली, तर तो मर रोग आहे. ही बुरशी मातीतून येते आणि वर्षानुवर्षं मातीत राहते. बादली कितीही घासली तरी उपयोग नाही. ती झाडं मुळासकट काढून जाळा, त्या वाफ्यात काही वर्षं अ‍ॅस्टर घेऊ नका, पाणी साचू देऊ नका. आमचा खालच्या अंगाचा दीड गुंठा याच कारणाने गुलछडीकडे गेला.

गाडीत

रात्रभर पाणी प्यायलेली फुलं कागदात गुंडाळून दोन-तीन तास कोरडी राहू शकतात. न प्यायलेली राहत नाहीत. जुडीला रबर घट्ट आवळू नका, दोन बोटं आत जातील इतकं ढिलं ठेवा. हौद्याच्या मागच्या कडेला वारा थेट लागतो, तिथे माल ठेवायचा तर ओलं गोणपाट टाका.

आमच्या पुरंदरची एक खास अडचण आहे, तिच्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. दिवाळीच्या सुमाराला गावातून एकच पिकअप जातो आणि त्यात फुलांशेजारी सीताफळाचे क्रेट असतात. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. अ‍ॅस्टर-ग्लॅडिओलसचं त्याने फारसं बिघडत नाही, पण जिप्सोफिलाची बारीक फुलं मिटतात आणि वाळल्यासारखी होतात. कार्नेशनचंही तसंच होतं. दोन वर्षं मी रोपवाल्याला दोष देत होते. आता जिप्सोफिलाची बादली केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाते, आणि तिचं वेगळं भाडं मी आनंदाने देते.

गिऱ्हाइकाच्या घरी

थेट घरी देणाऱ्यांना हा शेवटचा भाग लागेल. आपण सगळं नीट केलं तरी फुलदाणी पंख्याखाली किंवा पिकलेल्या केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवली जाते, आणि ठपका आपल्यावर येतो. मी पहिल्या शुक्रवारीच सांगते : टोक थोडं कापा, दोन दिवसांनी पाणी बदला आणि फुलदाणी घासा, फळांपासून लांब ठेवा. सजावटीवाले फोममध्ये फुलं खोचतात, त्यांनाही सांगते की फोम पाण्यात दाबून बुडवू नका. पाण्यावर सोडा, आपला आपण भिजून खाली जाऊ द्या, नाहीतर मधे कोरडी पोकळी राहते आणि नेमकी आपली काडी तिच्यात जाते.

कोथरूडच्या एका आजींकडे मात्र हे सगळं पाळूनही फुलं दोन दिवसांत जायची. त्याच बादलीतली शेजारच्या इमारतीत पाच दिवस टिकायची. एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे चहाला थांबले आणि त्या फुलदाणी कुठे भरतात ते पाहिलं. सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं, त्याला गच्चीवर सॉफ्टनर बसवलेला. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. कपड्यांना, गिझरला ते बरं, पण फुलांना जड पाण्यापेक्षाही वाईट. आजींनी तेव्हाच फुलदाणी रिकामी केली आणि स्वयंपाकघरातल्या फिल्टरच्या नळाखाली भरली. आता शुक्रवारचा अ‍ॅस्टर त्यांच्याकडे बुधवारपर्यंत उभा असतो.